खोली शांत होईपर्यंत

धाकटीनं माझी बाही ओढली तेव्हा मी नातीच्या कानाकडे बघत होतो. केवढासा तो कान, दोन दिवसांचा, कडा अजून दुमडलेली, आणि त्यात दवाखान्यातल्या तपासणीवाल्या बाईनं मऊ रबराचं एक टोक बसवलेलं. टोकाची वायर तिच्या मांडीवरच्या मशीनला जोडलेली होती. नात जीव खाऊन रडत होती, लेक पलंगावरून "अगं सोन्या, अगं बाळा" करत होती, जावई उगाचच पडदा ओढत होता, आणि बाहेरून कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. धाकटीनं पुन्हा ओढलं. मशीनवरच्या काचेच्या पट्टीकडे बोट केलं आणि हातांच्या खुणांनी म्हणाली, "हे तुझ्यासारखं बोलतं." धाकटी म्हणजे माझी बहीण. त्रेपन्न वर्षांची झाली तरी घरात धाकटीच. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे जिथे अक्षर असेल तिथे तिची नजर सगळ्यांच्या आधी जाते: औषधाची बाटली, लिफ्टमधली पाटी, शेजारच्याच्या हातातलं वर्तमानपत्र. मी वाकलो. पट्टीवर दोन वाक्यं होती. 'खोली शांत होईपर्यंत थांबतं. घाई करत नाही.' ती मी लिहिली होती. अकरा वर्षांपूर्वी लिहिली होती, आणि त्याच दिवशी दुपारी लपवून टाकली होती.

मी प्रोग्रामर नाही. प्रोग्रामर लोक जे करून ठेवतात ते काय आहे, हे लिहिणारा माणूस आहे. ऑफिसात मला कारकून म्हणतात, आणि मलाही ते आता झोंबत नाही. आमची कंपनी एक लायब्ररी बनवते, पण पुस्तकांची नव्हे. आवाजावर काम करणाऱ्या फंक्शनांची, म्हणजे एकेक ठरलेलं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची. तिला शेअर्ड लायब्ररी म्हणतात, कारण मशीनवर तिची एकच प्रत एका जागी असते आणि ज्या प्रोग्रामला गरज पडेल तो येऊन आतल्या फंक्शनला नावानं हाक मारतो, काम करून घेतो आणि जातो. आत हजारो फंक्शनं असतात, पण बाहेरच्यानं हाक मारावी अशी थोडीच. ती मुद्दाम बाहेर उघडी ठेवलेली नावं म्हणजे एक्सपोर्ट. माझं काम त्या प्रत्येक नावाच्या डोक्यावर, कोडमध्येच, दोन-चार ओळींचं टिपण लिहिणं. मग डॉक्युमेंटेशनचं टूल ती टिपणं गोळा करतं आणि एकेका नावाचं एकेक पान तयार करतं. हाक मारणारा कोण, कुठला, त्याला काय हवंय, हे आम्हाला कळायला मार्गच नाही. बावीस वर्षं मी न पाहिलेल्या माणसांसाठी लिहीत आलो आणि बावीस वर्षांत त्यातला एकही भेटला नाही. आणि आज माझं वाक्य माझ्या नातीच्या उशाशी येऊन उभं होतं.

"हे मशीन बरं आहे," तपासणीवाली बाई म्हणाली. "आधीचं होतं ना, ते बाळ रडलं की सरळ चूक दाखवायचं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे बसतं वाट बघत. आता जरा कुणी बोलू नका हं." जावयानं पडदा सोडला. लेकीनं ओठांवर पदर धरावा तशी चादर धरली. ढकलगाडी लांब गेली. नातीचं रडणं आधी तुटक झालं, मग नुसतं हुंदके, मग एक लांबलचक श्वास, आणि मग खोलीत असं काही झालं की जे मी छप्पन्न वर्षांत ऐकलं नव्हतं. आम्ही पाच मोठी माणसं आणि एक मशीन, सगळे मिळून त्या एवढ्याशा जिवासाठी गप्प होतो. पट्टीवरची वाक्यं गेली. मशीननं तिच्या कानात काहीतरी विचारलं असणार, आम्हाला न ऐकू येणारं. कानानं उत्तर दिलं असणार. एक हिरवी खूण उमटली. मग दुसरा कान, दुसरी हिरवी खूण. "छान ऐकू येतंय हो," बाई म्हणाली, "घरात केस आहे म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम करायला सांगितलं होतं." घरातली केस माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती, आवाज न करता, हवेत पंजे हलवून, त्यांच्यात वाजवतात तशा. लेक रडायला लागली. मी बाईंना म्हणालो, "जरा मशीनची मागची बाजू बघू?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की आजोबांचं काही खरं नाही. पण दाखवली. मागे मुंगीच्या अक्षरांत कायकाय वापरलंय त्याची यादी होती, आणि तिच्यात सातव्या ओळीवर आमची लायब्ररी होती. चमत्कार वगैरे शब्द मी वापरत नाही, माझ्या धंद्यात विशेषणाला बंदी आहे. पण त्या क्षणी मला दुसरा शब्द सुचला नाही, आजही सुचत नाही.

आणि मग लगेच आठवलं, की शुक्रवारी त्या फंक्शनच्या नावापुढे 'काढा' अशी खूण मीच केली आहे.

ऑफिसपर्यंत चालत गेलो. बस मिळाली असती, पण बसमध्ये बसून हे अंगात मावलं नसतं. त्या फंक्शनचं नाव क्यूवेट. ते लिहिणारा माणूस आमच्याकडे तीस वर्षं होता आणि त्यानं तीस वर्षांत तीसच वाक्यं उच्चारली असतील. आम्ही त्याला मौनीबाबा म्हणायचो. मी त्याच्या टेबलापाशी वही घेऊन गेलो, विचारलं, "हे काय करतं?" तो म्हणाला, "थांबतं." "कधीपर्यंत?" "शांत होईपर्यंत." एवढ्यावर मी ती दोन वाक्यं लिहिली आणि मला ती आवडली, खोटं कशाला बोलू. तेव्हाच्या साहेबांना नाही आवडली. किती शांत म्हणजे शांत, जास्तीत जास्त किती वेळ थांबणार, मर्यादा कुठे आहे, आणि हे 'घाई करत नाही' काय, डॉक्युमेंटेशन आहे की कविता? सगळे प्रश्न रास्त होते. मौनीबाबा तोवर अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेला होता आणि नवी आवृत्ती चार वाजता जायची होती. चारशे अकरा पानं तयार आणि हे एक अडलेलं. टूलला एक खूण देता येते, टिपणाच्या वर एक छोटा शब्द घालायचा, की त्या नावाचं पान करू नकोस, हे आमचं घरातलं आहे. मी तो शब्द घातला. सध्यापुरता. टूलनं पुन्हा मोजणी केली आणि म्हणालं, चारशे अकरापैकी चारशे अकरा, शंभर टक्के. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांनी केक आणला, मला एक सर्टिफिकेट दिलं, ते अजून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. पुढच्या महिन्यात मौनीबाबा निवृत्त झाला. 'सध्यापुरतं' या शब्दाचं आयुष्य किती असतं हे कुणी विचारलं तर मी आता आकडा सांगू शकतो. अकरा वर्षं. गेल्या महिन्यात टूलची नवी आवृत्ती आली. ती नुसती टिपणं मोजत नाही, ती तयार झालेली लायब्ररीच उघडते, बाहेर उघडी असलेली नावं एकेक करून वाचते आणि पानांशी ताडून बघते. तिनं सांगितलं, नावं चारशे बारा, पानं चारशे अकरा. आणि नियम असा की पान नाही तर नाव नाही. ज्याचं पान नसेल ते पुढच्या आवृत्तीत बाहेरून बंद करायचं. हा नियमही माझाच, तीन वर्षांपूर्वी मीच भांडून करून घेतलेला. आपलेच दात, आपलेच ओठ. शुक्रवारी यादी आली, एकच नाव, घरी जायची वेळ, मी नाव नीट वाचलंही नाही. खूण केली.

आज मंगळवार. चार वाजता नवी आवृत्ती तयार होणार. ती कुठेकुठे जाईल, जुन्या प्रतीच्या जागी बसेल. मग एखाद्या सकाळी एखादी तपासणीवाली बाई मशीनचं बटण दाबेल, मशीन क्यूवेटला हाक मारेल, त्या नावाचं कुणी सापडणार नाही, आणि मशीन सुरूच होणार नाही. बाई दोन-चार वेळा बटण दाबेल. मग म्हणेल, उद्या बघू. आणि ते बाळ तसंच घरी जाईल.

तसंच घरी गेलेलं एक बाळ मला माहीत होतं. रस्ता ओलांडताना ते आठवलं, आणि इतकं स्वच्छ आठवलं की मी पलीकडे जाऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. आमचं घर वरच्या मजल्यावर होतं, जमीन लाकडी फळ्यांची. धाकटी तीन वर्षांची, मी सहाचा. तिला हाक मारली तर ती वळायची नाही. बाबा म्हणायचे, भारी मानी आहे कार्टी. आई म्हणायची, तुमच्यावरच गेलीय. एकदा बाबांनी चार हाका मारल्या, पाचव्या हाकेला उठून तिच्या पाठीत धपाटा घातला. ती वळली, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं, की हे कुठून आलं? मला तेव्हा माहीत होतं. मला आधीच कळलं होतं, खेळता खेळता, की हाकेला ती वळत नाही पण पाय आपटला की वळते. एकदा नाही, दोनदा आपटायचा. फळ्या हादरायच्या, ते तिच्या तळव्यांना कळायचं, आणि ती गर्रकन वळून माझ्याकडे बघून हसायची. अख्ख्या घरात तिला बोलावता येणारा मी एकटा. ती आमची गुप्त हाक होती. मी ती कुणाला दिली नाही. दोन वर्षं दिली नाही. ती मार खायची तेव्हाही नाही. लहान होतास, काय कळत होतं, असं कुणी म्हणेल, पण मला कळत होतं. मला हेही कळत होतं की सांगितलं तर ती माझी एकट्याची राहणार नाही. ती पाच वर्षांची असताना एका डॉक्टरांनी तिच्या मागे पत्र्याचं झाकण पाडलं आणि ती चित्र काढत राहिली. घरी आल्यावर बाबा जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ आपला उजवा हात डाव्या हातानं चोळत राहिले. मी दारात उभा होतो. तेव्हा तरी सांगायचं. तेव्हाही नाही सांगितलं. आज अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

ऑफिसात पोचल्यावर पहिल्यांदा मी हे शोधलं की लपवलेलं वाक्य बाहेर गेलं कसं. काखेत कळसा निघाला. ती खूण फक्त पान लपवते. टिपण कोडमध्ये होतं तिथेच राहतं, आणि नावांची जी फाइल लायब्ररीबरोबर गिऱ्हाइकाला जाते, तिच्यात तेही जातं. अकरा वर्षं ते वाक्य प्रत्येक प्रतीबरोबर बाहेर जात होतं. कुठल्यातरी अनोळखी माणसानं, मशीन बनवता बनवता, पान नव्हतं म्हणून ती फाइल उघडली असेल, खाली खाली जात वाचली असेल, आणि त्या दोन वाक्यांपाशी थांबली असेल किंवा थांबला असेल. त्या माणसाला हवं होतं तेच तिथे होतं. नुसतं फंक्शन नाही घेतलं, माझे शब्दही घेतले, आणि बाळांच्या उशाशी लावले. मी खुर्चीत मागे टेकलो तर डोकं सर्टिफिकेटला लागलं.

मौनीबाबाला फोन लावला. तो आता सत्तरी ओलांडलेला. मी सगळं सांगितलं, मशीन, नात, हिरवी खूण. मग तो म्हणाला, "बाळांसाठी होय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही बुवा. मला वाटलं होतं, कुणालातरी लागेल कधीतरी."

"पण जास्तीत जास्त किती वेळ थांबतं ते? मर्यादा लिहायला हवी मला."

"मर्यादा घातलीच नाही. कंटाळा आला तर बोलावणाऱ्यानं क्यूस्टॉपला हाक मारावी. ते आहे ना तुमच्या यादीत?"

होतं. माझ्याच हातानं लिहिलेलं पान होतं त्याचं, 'चालू असलेलं थांबणं रद्द करतं'. काय थांबणं, कुणाचं थांबणं, हे न विचारता लिहिलेलं. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर अकरा वर्षं शेजारच्या पानावर पडून होतं. "आणि काय हो," मौनीबाबा म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा हलला, "शांत झाली ना ती? लगेच?" मी म्हणालो, झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला आपणहून, कामापलीकडचं काहीतरी विचारलं होतं.

आमची प्रमुख माझ्या लेकीच्या वयाची आहे. तिचं नाव कात्री, अर्थात तिच्या पाठीमागे. चांगल्या मजकुरातही तिला छाटायला काहीतरी सापडतंच. तिच्या दारात मी पाचेक मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ती म्हणाली, "काका, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय झालंय?" मग सांगितलं.

"म्हणजे तुम्ही लपवलं होतंत."

"हो."

"अकरा वर्षं."

"हो."

"आणि ते सर्टिफिकेट?"

"उतरवतो."

तिनं हसू दाबलं, मग दाबलं नाही. "ते राहू दे, खिळ्याचं भोक दिसेल. अडीच वाजलेत. साडेतीनला पान द्या, मी बघते. आणि शुक्रवारची खूण मागे घेताना कारण लिहावं लागेल, सगळ्यांना दिसेल असं."

"लिहितो. माझ्या नावानं."

ते कारण लिहायला मला पानापेक्षा जास्त वेळ लागला. 'अपूर्ण माहिती होती म्हणून' असं लिहिलं, खोडलं. 'तेव्हा वेळ नव्हता' लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं: मला माहीत होतं आणि मी लपवलं. हे वाक्य पडद्यावर आलं आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण ते फक्त क्यूवेटचं नव्हतं.

पानासाठी सहा वाक्यं दिली. कात्रीनं दोन उडवली. राहिलेली अशी: खोली शांत होईपर्यंत थांबतं. घाई करत नाही. वेळेची मर्यादा नाही. थांबवायचं असल्यास क्यूस्टॉपला हाक मारावी. दुसऱ्या वाक्यावर तिची पेन्सिल आली, दोन ठिपके देऊन थांबली, आणि पुढे गेली. मी लपवण्याचा तो छोटा शब्द काढला आणि टूल चालवलं. रोज चालवतो, पण त्या दिवशी मी उठून चहाला गेलो नाही. टूल लायब्ररी उघडतं आणि एकेक नाव वाचत जातं, नावं पडद्यावरून वर सरकत जातात. बावीस वर्षं ती मला नावंच वाटत आली, कामं, उरकायची. आता प्रत्येक नावापाशी मला वाटत होतं, ह्याच्या पलीकडे कुठली खोली असेल? कोण कुणासाठी श्वास धरून उभं असेल? हे पान मी जेवणाच्या सुट्टीत खरडलं होतं, हे ताप असताना, हे भांडण झाल्यावर. आणि ती सगळी पानं कुणीतरी विश्वासानं वाचली होती. चारशे बारापैकी चारशे बारा, असं शेवटी आलं, आणि चार वाजून सात मिनिटांनी नवी आवृत्ती गेली.

लेकीला दुपारीच घरी सोडलं होतं. सहाला तिच्याकडे पोचलो तर लेक झोपली होती, जावई औषधं आणायला गेलेला, नात पाळण्यात, आणि धाकटी पाळण्याशी बसून तिच्या मुठीतली बोटं मोजल्यासारखी बघत होती. मी खुणांनी सांगितलं, मशीनवरचं ते वाक्य माझंच होतं. तिनं खांदे उडवले: मी सकाळीच म्हटलं नव्हतं का? तिला माझा आवाज माहीत नाही, कधीच नव्हता. तिला माझं लिहिणं हाच माझा आवाज. म्हणून पुढचं मी खुणांनी सांगितलं नाही. खिशातला कागद काढला आणि लिहिलं: तुला ऐकू येत नाही हे मला तू तीन वर्षांची असताना कळलं होतं. मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. बाबा मारायचे तेव्हाही नाही.

तिनं कागद घेतला, खिडकीपाशी नेला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. मी उभाच होतो. मला वाटलं होतं ती हसेल, हात झटकेल, एवढ्या जुन्या गोष्टी काय काढतोस म्हणेल. तिनं पेन मागितलं. खाली लिहिलं: सांगायला हवं होतंस. आणि कागद माझ्या हातात देऊन पाठ फिरवली.

बरोबर होतं. ह्यात कापण्यासारखं काही नव्हतं, वाढवण्यासारखंही नव्हतं. मी कागदाची घडी घातली आणि जायला निघालो. दारापर्यंत गेलो, चप्पल पायात सरकवली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. लेकीच्या घराची जमीनही लाकडीच आहे, हे मला माहीत होतं, पण कधी लक्षात आलं नव्हतं.

पायाखालच्या फळ्या हादरल्या. दोनदा.

मी वळलो. धाकटी पाळण्यापाशी उभी होती, डोळे भरलेले, एक टाच अजून उचललेली, ये म्हणून हात पुढे केलेला. तिच्या मागे नात त्या आवाजानं दचकून जागी झाली होती आणि भोकाड पसरून रडत होती. धाकटीला ते ऐकू आलं नाही. मी बोटानं दाखवलं, तेव्हा तिनं बघितलं आणि तिला कळलं, की बाळानं ऐकलं.